पू न होणारी जखम



तीन वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, आमच्या धर्मग्रामातील चार महिन्यांचे एक बाळ आम्ही पुरले. त्याच्या आईच्या संमतीने, नाव न देता, ही हकीकत लिहीत आहोत. चौथा आठवडा लोटला तरी त्या बाळाची नाळ पडली नव्हती. पुढे कानापाशी, तोंडात, कमरेखाली व्रण झाले आणि पसरत गेले. पण एकाही व्रणात पू नव्हता. “पू नाही, म्हणजे जखम स्वच्छ आहे,” असे आजीबाई म्हणत, आणि आम्हीही मान डोलावली. दफनाच्या नोंदवहीत मृत्यूचे कारण म्हणून ‘ताप’ एवढेच लिहिले आहे. अक्षर आमचेच आहे.

पू म्हणजे घाण, असे आपण सारेच समजतो. वस्तुतः पू म्हणजे बव्हंशी जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा साठा होय. जंतू आहेत पण पू नाही, ह्याचा अर्थ राखणदार तेथवर पोहोचलेच नाहीत.

ते का पोहोचू नयेत? पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाय घसरलेला मनुष्य काठावरील मुळ्या धरू पाहतो, हे जोयडा तालुक्यात कोणास सांगावयास नको. पांढरी पेशीही रक्ताच्या ओघात अशीच वाहत असते. जखमेजवळ ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जाते, मग घट्ट पकड घेऊन थांबते आणि भिंतीतून वाट काढून बाहेर पडते. ही पकड घेणारी प्रथिने इंटिग्रिन कुळातील. पांढऱ्या पेशींवरील त्यांच्या एका महत्त्वाच्या गटात सीडी-१८ नावाचा घटक सामाईक असतो. तोच जन्मतः नसेल तर पेशी थांबूच शकत नाही. रक्त तपासावे तर पांढऱ्या पेशी नेहमीच्या कित्येक पट, आणि जखमेत जवळजवळ एकही नाही! नाळ गळून पडण्याच्या कामीही ह्याच पेशी लागतात. म्हणून ती उशिरापर्यंत राहते.

एवढी सूक्ष्म वस्तू आहे की नाही, हे ओळखावे कसे? त्यासाठी प्रतिपिंड वापरतात. गोवर एकदा येऊन गेला की तो पुन्हा ओळखण्यासाठी शरीर जे पदार्थ रक्तात बाळगते, त्यांच्याच जातीचा हा पदार्थ. एकाच लक्ष्याला चिकटणारे प्रतिपिंड हवे तितके करण्याची रीत केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन ह्या शास्त्रज्ञांनी १९७५ साली शोधली. १९८४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सीडी-१८ ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडतात, ते बाळाच्या थोड्याशा रक्तात मिसळतात आणि एकेक पेशी लेसरच्या किरणापुढून नेतात. निरोगी बाळाच्या बहुतेक सर्व पांढऱ्या पेशी चमकतात. रोग तीव्र असेल तर शंभरात २ सुद्धा चमकत नाहीत. मध्यम असेल तर २ ते ३०. त्याच वेळी एखाद्या निरोगी माणसाचे रक्तही तपासतात. नाही तर रंगच बिघडला की प्रथिन नाही, हे कळणार कसे? अशा पुष्कळ बाटल्यांवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते, आणि ते योग्यच आहे. भलत्या जागी चिकटणारे प्रतिपिंड खोटी साक्ष देते. क्वचित प्रथिन जागेवर असते पण पकड घेत नाही. तेथे ही परीक्षा फसते, आणि इतर तपासण्या कराव्या लागतात.

मुंबईत परळ येथे, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था आहे. तेथील डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या रोगाच्या भारतीय मुलांची लक्षणे २०१२ साली प्रसिद्ध केली.

गेल्या वर्षी त्याच घरी दुसरे बाळ जन्मले. २४ व्या दिवशीही नाळ तशीच. ह्या वेळी आईनेच ओळखले. लोंढ्याहून आगगाडीने ती मंडळी मुंबईस गेली. पेशी चमकल्या नाहीत.

बरे करणारा रूढ उपाय म्हणजे जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेतील मूळपेशींचे रोपण. तीव्र रोगात त्यावाचून बहुतेक मुले दोन वर्षांची होत नाहीत. बाळ आज औषधांवर आहे, दात्याचा शोध चालू आहे. मातांनी मात्र उगाच घाबरू नये. हा रोग अत्यंत दुर्मिळ आहे, आणि नाळ उशिरा पडलेली पुष्कळ बाळे निरोगी असतात. तथापि तीन आठवडे होऊनही नाळ पडली नाही, किंवा भोवताली लाली वा ताप दिसला, तर राख-हळद न लावता बाळास डॉक्टरांकडे न्यावे.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मग प्रत्येक गरोदरपणी चारांत एक अशी शक्यता असते. नात्यातील विवाहात ती जोडी जुळण्याचा संभव वाढतो. ह्या बाळाचे आईबाप मामे-आते भावंडे आहेत. ख्रिस्तसभेच्या कायद्याने असा विवाह वर्ज्य आहे. त्यासाठी सूट मागावी लागते. तो अर्ज आम्हीच लिहिला होता. दोन्ही घरांची शेते लागून आहेत, ह्यापलीकडे आम्ही काही विचारले नव्हते.

गेल्या मंगळवारी दुसऱ्या दोन घरांचा तसाच अर्ज आमच्याकडे आला. तो अजून मेजावर आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांस, आणि त्या मुलामुलीसही, आम्ही बोलाविले आहे.