रंगपटातील सामायिक काजळाविरुद्ध

सुज्ञ पालकहो, आणि रंगभूषेचा व्यवसाय सचोटीने करणाऱ्या बंधुभगिनींनो,

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी रंगपटात मुले ओळीने उभी राहतात, आणि काजळाची एकच कांडी, एकच ओला स्पंज व एकच लिपस्टिक पहिल्या मुलापासून अखेरच्या मुलापर्यंत निःशंकपणे फिरते, हे दृश्य आपण सर्वांनी कौतुकाने पाहिले आहे. परंतु त्या कांडीच्या टोकावरून एका डोळ्यातले जंतू दुसऱ्या डोळ्यात जातात, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला?

कायदा नाही असे नव्हे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमान्वये उत्पादनास परवाना लागतो, आणि डोळ्यांभोवती लावावयाच्या पदार्थात दर ग्रॅमला 100 हून अधिक जंतू नसावेत, असा आंतरराष्ट्रीय दंडकही आहे. मात्र हा सारा बंदोबस्त डबीचे झाकण उघडेपर्यंतचा. पुढे बोटे लागतात, ब्रश न धुता पुन्हा बुडवला जातो, सुकलेल्या मस्काऱ्यात कोणी पाण्याचे थेंब किंवा थुंकीही घालते. त्याने जंतूंना रोखणारे परिरक्षक द्रव्य पातळ होते, आणि ओलाव्यात फोफावणारा स्यूडोमोनास जंतू ब्रशाने ओरखडलेल्या बुबुळात शिरला, तर दृष्टीवरच घाला येतो. इंग्लंडातील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली वापरातील 467 प्रसाधने तपासली, तेव्हा बहुतांश वस्तूंत जंतू आढळले. रंग पसरवण्याच्या स्पंजांपैकी 93 टक्के तर कधीच धुतलेले नव्हते.

आमच्या आजीने सगळ्यांना एकाच डबीतले काजळ घातले, असा दाखला दिला जातो. त्या तुपातल्या काजळीत पाणी नसल्याने जंतू सहसा वाढत नसत, हे खरे. परंतु एकाच बोटाने साऱ्या भावंडांचे डोळे भरण्याच्या रिवाजातून खुपऱ्या पसरतात, हे नेत्रवैद्यांनी पूर्वीच बजावले आहे. माया मोठी, म्हणून बोट निर्जंतुक होत नाही.

तेव्हा रंगभूषाकारांस आमची आग्रहाची विनंती आहे, की रंग स्वच्छ चमच्याने ताटलीत काढून घ्यावा, प्रत्येक मुलास कापसाची नवी काडी वापरावी, आणि डोळे आलेल्या मुलास काजळ मुळीच लावू नये. हा खर्च शाळांनी संमेलनाच्या अंदाजपत्रकात मंजूर करावा. पडद्यांना पैसे मिळतात, तर काड्यांनाही मिळतील. आणि पालकहो, यंदा आपल्या पाल्याचे काजळ व लिपस्टिक घरूनच, त्याच्या नावाची चिठ्ठी लावून पाठवा.