बोल्टवरचा निळा थेंब

आमचा पुतण्या मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोहोचवतो. गाडी चालते तेव्हा त्याचे घर चालते. मागे एकदा पुढच्या चाकाकडून खडखड आवाज येऊ लागला. गाडी थांबवून पाहिले, तर डिस्क ब्रेकचा कॅलिपर धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक गायब, दुसरा हाताने फिरतोय! संध्याकाळी त्याच गाडीवर बायको आणि चिमुरडी बसणार होती. आठवड्यापूर्वी ब्रेक पॅड बदलताना ते बोल्ट काढले होते आणि घाईत परत बसवले होते.

आम्ही पडलो कारकून. पण गप्प कसे बसणार? ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे जाऊन सगळे समजून घेतले. तेच वाचकांपुढे ठेवत आहोत.

गाडीला हादरे बसले की जोडलेले भाग एकमेकांवर किंचित सरकतात आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. हे थांबवण्यासाठी आट्यांवर एक चिकट द्रव लावतात. त्याला थ्रेडलॉकर म्हणतात. गॅरेजात मात्र ‘लॉकटाइट’ हेच नाव रुळले आहे. अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ साली या द्रवाचा धंदा सुरू केला. साधा डिंक हवेत वाळतो. हा द्रव मात्र हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की कडक होतो. म्हणूनच नवी बाटलीही पूर्ण भरलेली नसते. दुकानदाराने फसवले असे समजू नये. आतली हवाच द्रवाला पातळ ठेवते.

निळा द्रव मध्यम ताकदीचा असतो, साध्या पान्याने बोल्ट सुटतो. लाल लावलेला बोल्ट सोडवायला बहुधा २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. आमच्या एका स्नेह्याने ‘जास्त ताकद तेवढी बरी’ म्हणून बारीक स्क्रूला लाल लावला. उघडताना स्क्रूचे डोकेच तुटले आणि दिवसाची मजुरी गेली! रंगाबरोबर बाटलीवरची माहितीही वाचावी, कारण सर्व कंपन्यांचे रंग सारखे नसतात.

लावण्याआधी आट्यांवरचे तेल आणि जुना थर काढून ते कोरडे करावेत. मग एक-दोन थेंब पुरतात. ब्रेकच्या चकतीवर किंवा पॅडवर थेंब पडू देऊ नये. प्लॅस्टिकला लागल्यास तडे जाऊ शकतात. स्पार्क प्लग आणि ऑइल काढायचा बोल्ट यांना तो लावू नये. कोणत्या बोल्टला लावायचा आणि कोठे दर वेळी नवाच बोल्ट घालायचा, हे गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते. पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात. रोजंदारीवाल्याने हे काम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करून घ्यावे.

शेवटी एक सांगतो. थेंब काही पान्याचे काम करीत नाही. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळलाच पाहिजे. थेंब फक्त त्याला फिरू देत नाही.

म्हणून गॅरेजात बिल देण्यापूर्वी विचारायला लाजू नका: “दादा, ब्रेकचे कोणते बोल्ट काढले होते, आणि परत बसवताना काय लावले?” चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. आमचा पुतण्या आता विचारतो, आणि तो विसरला तर मागे बसणारी त्याची बायको विचारते.