गालिचा भिजला? घड्याळाकडे बघा!

रिसालीत मे महिना म्हणजे कूलरचा महिना. खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर, त्याच्या टाकीत सोडलेला पाइप आणि रात्री नळ बंद करायचं राहून गेलेलं. सकाळी बैठकीच्या खोलीत पाऊल टाकावं, तर पायाखाली गालिचा पचपचतो. मे निभावला, तर जुलैत छताची ओल आहेच. भिलाईच्या जुन्या क्वार्टर्समध्ये राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यातून गालिचा जर मैनपाटचा असेल, तर जीव आणखीच खालीवर होतो. सरगुजा भागातल्या या पठारावर 1960च्या दशकात तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली आणि त्यांच्याबरोबर लोकरी गालिचे विणण्याची कलाही आली. असा एखादा गालिचा सासऱ्यांनी हौसेनं आणलेला असतो आणि सासूबाई दिवाळीखेरीज तो अंथरू देत नाहीत. तोच नेमका भिजतो!

अशा वेळी पहिलं काम गालिच्याचं नाही, विजेचं. कूलरची वायर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर असेल, तर ओल्या गालिच्यावर अनवाणी पाय ठेवू नका. कोरड्या हातांनी, पायात रबरी चपला घालून मेन स्विच बंद करा. स्विचपर्यंत पाण्यातूनच जावं लागत असेल, तर आत न जाता इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग घड्याळाकडे बघा. ओल्या लोकरीत किंवा तागात चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते. म्हणजे ‘रविवारी बघू’ म्हणून चालणार नाही. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल, तर मुळीच नाही.

वरचं सामान हलवा. लाकडी पायाचा रंग आणि लोखंडी पायाचा गंज ओल्या लोकरीत उतरतो आणि मग तो डाग जन्माचा सोबती होतो. जड टेबल हलवता येत नसेल, तर निदान पायांखाली प्लास्टिकचे तुकडे सरकवा. नंतर जुने पांढरे टॉवेल अंथरून त्यांवर पायांनी दाबा. चोळू नका. टॉवेल ओला झाला की बदला. टॉवेलवर लाल किंवा निळा रंग उतरला, तर गालिच्याची घडी करू नका, सपाटच ठेवा. बादलीभर थंड पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून त्याचा हलका हात फिरवला, तर लोकरीचा रंग सुटणं बऱ्याच अंशी आटोक्यात येतं. आधी कोपऱ्यात करून बघा, हे ओघानं आलंच. सोडा, ब्लीचिंग पावडर आणि गरम पाणी यांना मात्र लोकरीजवळ फिरकू देऊ नका. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको; तो पाणी ओढण्यासाठी बनवलेलाच नसतो.

आता वाळवणं. शेजारच्या वहिनी हटकून म्हणतात, ‘‘अहो, गच्चीवर दोरीवर टाका, दोन तासांत वाळेल!’’ ऐकू नका. भिजलेल्या गालिच्याचं वजन कितीतरी वाढतं. एका दोरीवर टाकला की तो मधोमध ताणला जातो आणि पुन्हा सरळ होत नाही. बाजेवर किंवा चार खुर्च्यांवर आडवा पसरा, खालून-वरून हवा खेळू द्या. ऊन असेल तर उलटी बाजू वर करा, म्हणजे रंग विटणार नाहीत. ऊन नसेल, तर पंखा खालच्या बाजूने लावा. रिसालीत इथेच एक हमखास चूक होते. वारा जोरात येतो म्हणून कूलरच गालिच्याकडे वळवला जातो! पंप चालू असलेला कूलर हवेत ओल सोडतो. पंप बंद करून नुसता पंखा चालवला, तर हरकत नाही.

‘वाळला’ असं हाताला वाटलं, तरी विश्वास ठेवू नका. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात ठेवूनही कोरडी भासते. मागच्या बाजूच्या गाठी दाबून बघा, नाक लावून वास घ्या. कुबट वास येत असेल, तर आणखी एक दिवस. पूर्ण वाळल्यावरच खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि तासाभरानं झटकावा.

सुती सतरंजीचं एवढं कौतुक नाही. ती धुऊन पिळता येते. मागे रबर चिकटवलेला मशीनचा गालिचा मात्र फसवा. पाण्यानं चिकटवण सुटली की तो फुगतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीला भिडतो. फोमचं अस्तर भिजलं, तर सरळ टाकून द्या.

हे सगळं स्वच्छ पाण्यापुरतं. 26 जुलै 2005ला मुंबईत आणि जुलै 2021मध्ये चिपळूणला घराघरांत शिरलं तसं गटार-मैला मिसळलेलं पाणी असेल, तर साधा गालिचा वाचवण्याच्या भरीस पडू नये. हातमोजे घालून गुंडाळावा आणि बाहेर काढावा. आठवणीचा असेल, तर जाणकार धुलाईवाल्याकडे त्याच दिवशी पोहोचवावा.

पुढच्या वर्षी एप्रिल संपताच गालिचा गुंडाळा. घडी नको. आत कडुनिंबाची वाळलेली पानं, बाहेरून प्लास्टिकऐवजी जुनी सुती चादर. आणि ठेवायचा तो कपाटावर, भिंतीला न टेकवता. कारण जुलैत ओल आधी भिंतीतूनच येते.