वेअरहाऊसमधला स्कॅनर नक्की काय काय मोजतो?

ऑर्डर 'पॅक' झाल्याचं नोटिफिकेशन तुमच्या फोनवर येतं, तेव्हा कुठल्या तरी वेअरहाऊसमध्ये कुणीतरी स्कॅनरने ती वस्तू बीप केलेली असते. त्या एका बीपमधून वस्तू कुठे आहे हे कळतं. पण ती कोणी आणि किती वाजता स्कॅन केली, हेही सेव्ह होतं. पहिली माहिती तुम्हाला दिसते, दुसरी मॅनेजरला.

अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीत काम करणं चांगलं की वाईट, यावर सोशल मीडियावर कायम भांडणं चालू असतात. मला वाटतं दोन्हीचं मूळ या स्कॅनरमध्येच आहे.

आधी चांगली बाजू. कुठल्या रॅकमधून काय उचलायचं ते स्क्रीन सांगते, त्यामुळे अनुभव नसला तरी काम लगेच सुरू करता येतं. 2018 च्या नोव्हेंबरपासून कंपनीने अमेरिकेत ताशी किमान 15 डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिथलं केंद्रीय किमान वेतन 7.25 डॉलर होतं. कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी योजनाही 2012 पासून आहे. त्याच वर्षी कंपनीने किव्हा ही रोबोट बनवणारी कंपनी 77.5 कोटी डॉलरला घेतली. आता बऱ्याच ठिकाणी रोबोटच रॅक उचलून माणसासमोर आणतात. चालणं वाचलं, पण एकाच जागी उभं राहून तीच हालचाल तासन् तास करणं वाढलं.

आता दुसरी बाजू. फ्रान्समध्ये डेटा संरक्षणावर लक्ष ठेवणारी सीएनआयएल ही सरकारी संस्था आहे. तिने अ‍ॅमेझॉनच्या तिथल्या वेअरहाऊस कंपनीला 3.2 कोटी युरोचा दंड केल्याचं जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं. तपासात काय सापडलं? आधीच्या वस्तूनंतर 1.25 सेकंदाच्या आत पुढची स्कॅन केली तर 'घाई केली' अशी नोंद. 10 मिनिटं किंवा जास्त वेळ स्कॅनर गप्प राहिला तर वेगळी नोंद. आणि 1 ते 10 मिनिटांच्या गॅपचीसुद्धा! हा सगळा डेटा 31 दिवस ठेवला जायचा. सीएनआयएलचं म्हणणं होतं, काम चालवायला इतका बारीक तपशील लागत नाही. कंपनीला हे मान्य नव्हतं. अशा सिस्टीम या क्षेत्रात सगळीकडे असतात आणि सुरक्षितता, दर्जा यासाठी त्या लागतात, असं तिचं उत्तर होतं.

इंजिनिअर म्हणून सांगतो, कंपनीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पार्सल ट्रॅक करायचं तर वेळेची नोंद लागणारच. पण तोच डेटा माणसानुसार लावायला डेटाबेसमध्ये एक छोटी क्वेरी पुरते, आणि गडबड तिथेच होते. 7 मिनिटांचा गॅप दिसतो, त्याचं कारण दिसत नाही. बाथरूमला गेला? रॅक रिकामा होता? सुपरवायझरनेच बोलावलं होतं? स्क्रीनवर तिन्ही सारखेच.

कॅलिफोर्नियात 2022 पासून कायदा आहे: टार्गेट असेल तर ते कामगाराला लेखी द्यायचं, आणि त्यापायी जेवण किंवा बाथरूमची सुट्टी बुडता कामा नये. याच कायद्याखाली 2024 मध्ये दोन वेअरहाऊसबद्दल अ‍ॅमेझॉनला 59 लाख डॉलरचा दंड झाला. आमच्याकडे ठरलेला कोटाच नाही, असं कंपनी म्हणाली.

आपल्याकडे जून 2024 मध्ये मानेसरची बातमी आली होती. 24 फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी किंवा बाथरूमसाठी थांबणार नाही अशी शपथ घ्यायला लावल्याचा कामगारांचा आरोप होता. मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली.

मग आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा इथे कामाला येईल? फारसा नाही. कलम 7 नुसार नोकरीच्या कारणासाठी कंपनी तुमचा डेटा संमती न घेताही वापरू शकते. आणि आपला डेटा बघायला मागण्याचा कलम 11 मधला हक्क मुळात ज्यांनी संमती दिली त्यांच्यासाठी आहे. म्हणजे तुमची संमतीच घेतली नाही, तर तो हक्कही लागू होत नाही.

भिवंडी किंवा चाकणला वेअरहाऊसमध्ये जॉइन होणार असाल तर पगारासोबत एवढं विचाराच: तासाचं टार्गेट किती, ते लेखी मिळेल का, आणि स्कॅनर बंद दिसला तर आधी माझ्याशी कोण बोलणार?