तोतया कोणाला म्हणावे?

पानिपतच्या रणात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. त्या अविश्वासाचा आधार घेऊन एक इसम 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला, कोकणातले अनेक किल्ले त्याने आपल्या अमलाखाली आणले आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावरचे. ही हकिकत वाचताना एक गोष्ट आमच्या मनात राहून जाते. या तोतयाला रात्री झोप लागत नसे, आपण या जागेला पात्र नाही असे वाटून तो खंतावत असे, अशी नोंद निदान आमच्या तरी वाचनात नाही. मराठीने 'तोतया' हा शब्द अशा माणसासाठी राखून ठेवला आहे.

हे आठवण्याचे निमित्त असे, की मध्यंतरी आमच्या महाविद्यालयात विभागप्रमुखांसाठी नेतृत्वविकासाची एक कार्यशाळा झाली. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक तिला हजर होतो. आमच्यापैकी एकीकडे विभागप्रमुखपद नुकतेच आले होते. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी एक प्रश्नपत्रिका वाटली. 'आपले खरे रूप एक दिवस उघडे पडेल असे तुम्हांला वाटते का?' या प्रश्नावर सभागृहातल्या बहुतेकांनी 'होय'वर खूण केली. मार्गदर्शक प्रसन्न हसले. हा 'इम्पोस्टर सिंड्रोम', हा फक्त तुमच्या मनाचा खेळ आहे, असे त्यांनी सांगितले, आणि उपाय म्हणून रोज सकाळी आरशासमोर उभे राहून आपल्या यशाची यादी मोठ्याने वाचावी असे सुचवले. आमच्या सहकारी मॅडमच्या विभागात त्या दिवशी मंजूर पदांपैकी एकच भरलेले होते, बाकीचे वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापक घेत होते, आणि त्यांच्या मानधनाचे देयक कुठल्या टेबलावर अडले आहे याचा शोध प्रमुख या नात्याने बाईंना घ्यायचा होता. यादी वाचायला आरसा होता, पण वाचायचे काय?

या कल्पनेचा इतिहास आधी नीट सांगितला पाहिजे, कारण कार्यशाळांत तो कोणी सांगत नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही कल्पना प्रथम मांडली. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी आलेल्या संबंधावर तो निबंध आधारलेला होता. त्यांनी 'सिंड्रोम' हा शब्द वापरलाच नव्हता. त्यांचा शब्द होता 'फिनॉमिनन', म्हणजे आढळून येणारी एक घटना. आणि या घटनेची मुळे शोधताना त्यांनी कुटुंबाबरोबरच स्त्रीपुरुषांच्या भूमिकांविषयी समाजाने घट्ट केलेल्या समजुतींकडेही बोट दाखवले होते. पुढे बाजाराने 'घटने'चा 'विकार' केला, समाज गाळला आणि माणसाचे मन तेवढे ठेवले. विकार म्हटला की औषध विकता येते. २०२१ मध्ये रुचिका तुलशियान आणि जोडी-अ‍ॅन ब्युरी यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त, स्त्रियांना 'तुम्हांला इम्पोस्टर सिंड्रोम आहे' असे सांगणे थांबवा, असा लेख लिहिला. दुरुस्ती करायची ती कामाच्या ठिकाणांची, बायकांची नव्हे, असा त्याचा रोख होता. तो लेख मात्र आमच्या मार्गदर्शकांपर्यंत पोहोचलेला नसावा.

पण एवढ्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण काय? त्याच १९७८ साली मराठीत दया पवारांचे 'बलुतं' आले. त्याच्या आरंभी दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर येतात. एकच माणूस, पण शिकून, नोकरीला लागून, लेखक म्हणून ओळख मिळवून झालेला एक, आणि मागे राहूनही न सुटलेला दुसरा. पांढरपेशा जगात वावरणाऱ्या माणसाला आपल्या दोन रूपांतली फट कशी छळते याचे इतके निर्भीड चित्रण करणारे पुस्तक आमच्या विभागांतून वर्षानुवर्षे शिकवले जाते, आणि आत्मशंकेवर चार शब्द ऐकायची वेळ आली की आम्ही प्रोजेक्टरकडे पाहतो.

बाबुराव बागूल तर त्याआधी दीड दशक हे सांगून चुकले होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३चा. शीर्षककथेतला निवेदक परगावी रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात लपवून राहतो. आपण उघडे पडू ही त्याची भीती शब्दशः तीच आहे जी त्या प्रश्नपत्रिकेत विचारली होती. फरक इतकाच की ती काल्पनिक नाही. लोक खरोखरच शोधत असतात, त्यांना खरोखरच कळते, आणि मग खरोखरच मार बसतो. या माणसाला 'हा तुमच्या मनाचा खेळ आहे' असे कोण सांगणार? कथेच्या अखेरीस मार खाल्लेला निवेदक स्वतःला दोष देत नाही, मारणाऱ्या हातांनाही देत नाही. तो थेट मनूचे नाव घेतो. निदान कसे करावे याचा याहून नेमका धडा आम्हांला माहीत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा अनुभव सर्वांनाच येतो, सुस्थितीतल्या पुरुषांनाही येतो. येत असेल. पण ज्याला कोणी दारात अडवलेले नाही त्याची हुरहुर आणि जिला रोज ओळखपत्र विचारले जाते तिची धास्ती या दोहोंना एकच नाव देणे ही शास्त्रीयता नव्हे. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये पुण्यात भरले. त्या खुर्चीवर पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसली १९६१ साली, ग्वाल्हेरला. मध्ये त्र्याऐंशी वर्षे गेली. २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनापर्यंत स्त्री अध्यक्षांची संख्या सहा. या त्र्याऐंशी वर्षांत लिहिणाऱ्या बायकांना 'आपण त्या खुर्चीच्या योग्यतेच्या नाही' असे वाटले असेल, तर तो त्यांच्या मनाचा विकार होता की त्यांनी केलेले अचूक वाचन?

येथवर लिहिणे सोपे होते, कारण दोष दुसऱ्यांचा होता. आता आमचे.

दोन वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावरील जागांच्या मुलाखती होत्या. स्थानिक निवड समितीत आमच्यापैकी दोघे होते. एक उमेदवार आली. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. पूर्ण, लोकगीतांवरचे काम, जात्यावरच्या ओव्या स्वतः गावोगाव फिरून गोळा केलेल्या. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली. समितीतल्या एका ज्येष्ठांनी तिला 'पुन्हा म्हणा बरे' असे सांगितले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी जीभ जपून, आणि 'ण' इतका जोरात उमटला की कोणीतरी हसले. त्यानंतर ती बोललीच नाही, म्हणजे बोलली, पण वाक्ये आखडली. ज्या ओव्या तिने चार वर्षे ऐकल्या होत्या त्यांविषयीही ती पुस्तकात वाचल्यासारखे सांगू लागली. गुणतक्त्यात 'व्यक्तिमत्त्व व उच्चार' असा एक रकाना होता. आम्ही दोघांनीही त्यात दहापैकी चार गुण दिले. आमच्यापैकी एकाच्या घरी आजही 'पानी'च म्हणतात, हेही येथे नोंदवून ठेवतो.

त्या दिवशी आत्मशंका कोणाच्या डोक्यात जन्मली आणि ती कोणी घातली, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. बोली आणि प्रमाणभाषा यांवर एम.ए.च्या वर्गात आम्ही जी व्याख्याने देतो त्यांत 'भाषा शुद्ध वा अशुद्ध नसते' हे वाक्य हमखास असते. वर्गाबाहेर पडून समितीच्या टेबलाशी बसलो की आम्ही शुद्धिपत्र मागू लागतो.

हा शब्द सहज आलेला नाही. परंपरा सांगते की संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. आणि तेच ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात स्वतःला चोचीने समुद्र मोजू पाहणारी टिटवी म्हणतात, श्रोत्यांची क्षमा मागतात, आणि मग सुमारे नऊ हजार ओव्या रचतात. या दोन शंका एकमेकींपासून वेगळ्या काढल्याच पाहिजेत. गीतार्थ अफाट आहे आणि माझी चोच एवढीशी, ही शंका त्यांची स्वतःची. ती अभ्यासातून येते, ती हात चालता ठेवते. 'तुमचा जन्म तुम्हांला हा अधिकार देतो का' ही शंका पैठणची. ती त्यांच्या खांद्यावर ठेवली गेली होती. कार्यशाळा दोन्ही शंका एकाच आरशासमोर पुसायला सांगते, आणि आमचा आक्षेप नेमका येथे आहे. पहिली पुसली गेली तर उरतो तो निःशंक प्रमुख. असे प्रमुख आम्ही पाहिले आहेत. ते कुठल्याही कागदावर सही करतात, मूल्यांकन अहवालात न झालेले उपक्रम झाल्याचे लिहितात आणि शांत झोपतात. केळकरांच्या नाटकाला हवा होता तो इसम हाच.

दुसरी शंका परत कशी करावी याचा एक नमुना १८८५चा आहे. रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठवले तेव्हा जोतीराव फुल्यांनी नकार कळवला. मी तुमच्या पंक्तीला बसण्याइतका ग्रंथकार आहे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. ही सभा शूद्रातिशूद्रांच्या कामाची आहे काय, हा सभेलाच विचारला. अर्थात फुल्यांना ते शक्य होते, कारण त्यांच्या पोटाची चावी त्या सभेच्या हाती नव्हती. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील की नाही हे ठाऊक नसलेल्या अध्यापिकेने असेच बाणेदार उत्तर द्यावे असा उपदेश आम्ही कायम नोकरीतल्यांनी करणे लबाडीचे होईल. शंका परत करण्याचे काम खुर्चीत बसलेल्यांचे आहे. मराठीच्या विभागप्रमुखांनी इंग्रजीतून चालणाऱ्या बैठकीत मराठीतून टिपण सादर करावे, देयक अडले तर ज्या टेबलावर अडले त्याचे नाव लेखी विचारावे, आणि आपल्याला धाकधूक वाटते हे कनिष्ठांसमोर लपवू नये. यात शौर्य काही नाही. आमच्या सहकारी मॅडमनी टिपण मराठीत दिले तेव्हा फक्त 'याचा अनुवाद जोडा' एवढाच शेरा आला. त्यांनी अनुवाद जोडला नाही. पुढच्या बैठकीत ते टिपण तसेच वाचले गेले.

गुणतक्त्याचे मात्र अजून झालेले नाही. 'व्यक्तिमत्त्व व उच्चार' हा रकाना काढून त्याऐवजी 'विषयाची मांडणी' असा घालावा, असे पत्र आम्ही तिघांनी सह्या करून दिले. छापील नमुने शिल्लक आहेत, ते संपेपर्यंत बदल करता येणार नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी मागितले आहे. ती उमेदवार सध्या दुसऱ्या तालुक्यात, तासिका तत्त्वावरच शिकवते. तिचा ओव्यांवरचा लेख आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला दिला, आणि हे तिला अजून कळवलेले नाही. मुलाखती येत्या जूनमध्ये आहेत. टेबलाच्या अलीकडे आम्हीच असणार आहोत, आणि तो रकाना बहुधा समोर असेल.