कोंड्याचे खापर हेल्मेटवर नको


कोंड्याचा दोष हेल्मेट आणि टँकरच्या पाण्याला देणारे पत्र वाचले. ते वाचून चाकणला पाळीवर जाणाऱ्यांनी हेल्मेट काढून ठेवले नाही म्हणजे मिळवली! जड पाण्याने टाळू कोरडी पडते, घामाने खाज वाढते, हे खरे. पण चिकट, पिवळसर कोंड्यामागे सहसा मॅलॅसेझिया ही त्वचेवरच राहणारी बुरशी असते आणि ती तेलकट स्रावावर पोसली जाते. अशा टाळूला रात्रभर तेल चोपडणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. २ टक्के कीटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटे ठेवून, महिनाभर वापरावा. जाड, रुपेरी खवले कोपरावरही दिसले तर सोरायसिसची शंका घ्यावी. मुलाच्या डोक्यावर केस गळून चट्टा पडला तर बहुधा गजकर्ण. त्याला पोटातूनच औषध लागते.
– एक वाचक, भोसरी