लाल चौकट काय सांगते?

मुलांनो, परवाची गोष्ट. शाळा सुटायची वेळ. मी ऑफिसातल्या संगणकावर ई-मेल बघत होते. शेजारी पाचवीतली एक मुलगी उभी. ओळखीच्या बाईंच्या पत्राला 'यादी' नावाची फाईल जोडलेली होती. क्लिक केलं, अन् पडद्यावर लाल चौकट आली: 'संशयास्पद मजकूर!'

"बाई, ओळखीच्यांनीच पाठवलंय ना? मग घालवा ती चौकट!"

खरं सांगते, माझंही बोट तिकडंच निघालं होतं. पण थांबले आणि त्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी तर काहीच पाठवलं नाही!"

आपल्या जालन्याच्या मोंढ्यात व्यापारी पोत्यावरचं नाव वाचून माल घेतो का? मूठभर दाणे काढून बघतो. अँटिव्हायरसही तेच करतो. जुन्या व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते. फाईलमध्ये तशी खूण दिसली की तो ओरडतो. खूण नसली, पण वागणं चोरासारखं असलं, तरी ओरडतो.

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' नावाचं ई-मेल जगभर पसरलं. सुरुवात झाली फिलिपिन्समधून. जोडलेली फाईल साधं पत्र वाटायची, कारण तिच्या नावाचं खरं शेपूट विंडोज लपवून ठेवायचं. उघडली की फोटो नष्ट व्हायचे, आणि तेच ई-मेल तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना जायचं! व्हायरस नवा होता, त्याची खूण यादीत नव्हती. म्हणून चौकट आली नाही, तरी सगळं ठीकच असतं असं नाही. यादी ताजी ठेवायची, म्हणजे अपडेट करायचं, ते यासाठीच.

अशी अवजारं आपल्याकडंही बनतात बरं! पुण्याचे कैलास काटकर आधी रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे भाऊ संजय संगणक शिकले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं बिघडलेले असत, म्हणून संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच पुढं 'क्विक हील' उभं राहिलं.

कधी कधी अँटिव्हायरस चांगल्या फाईलवरही संशय घेतो. तरी आपण ठरवायचं नाही. थांबा, मोठ्यांना दाखवा, पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. आणि ई-मेलमधलीच 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथं दाबा' अशी सूचना तर मुळीच दाबू नका.

पालकांनो, तुमची एकच परीक्षा. मुलानं चुकून दाबलं आणि येऊन सांगितलं, तर रागावू नका. रागावलात, तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.


तुमच्या बाई